दोघांची नोकरी

वरणखेडच्या बसस्टँडवर उतरलो तेव्हा दादा कुठे दिसला नाही. पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ एक ठेंगणा माणूस मोटरसायकलला टेकून उभा होता. उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड तो निरखून पाहत होता. माझ्यावर नजर थांबली तसा पुढे आला.

"पिंपळशेंडेंचे भाऊ ना तुम्ही? नाक अगदी तसंच आहे."

"हो. मी वामन. दादा नाही आले?"

"घरी आहेत. मी तडवी, त्यांच्याच पाळीला असतो." त्याने माझ्या हातातली पिशवी घेऊन मोटरसायकलच्या टाकीवर ठेवली. गाडी चालू केली, पण लगेच निघाला नाही. मागे वळून म्हणाला, "त्यांना पाहिल्यावर तोंडावर काही दाखवू नका. त्यांना आवडत नाही."

मला वाटलं, घरापासून लांब एकटा राहतो, खाण्यापिण्याची आबाळ होत असेल, थोडा वाळला असेल. सिंधूवहिनी जाऊन चार वर्षं झाली होती. दादा चहासुद्धा कधी स्वतः करून प्यायलेला नव्हता. पोळ्याला आला नाही, दिवाळीला आला नाही, फोनवर दोन वाक्यं बोलून ठेवून देऊ लागला, म्हणून तर मी लाखोळीची डाळ आणि जवसाची चटणी बांधून एक अख्खा दिवस प्रवास करून आलो होतो.

तडवीने गाडी कॉलनीतल्या एका इमारतीसमोर थांबवली. तळमजल्याचं दार उघडंच होतं. आत खुर्चीवर जो माणूस बसला होता तो उठायला लागला आणि उठता उठता परत बसला. शर्ट दादाचा होता. गळपट्टीत मान अशी दिसत होती, की आत आणखी एक मान मावली असती.

"आला का," तो म्हणाला. "जेवला का रस्त्यात?"

मी पिशवी ठेवायच्या निमित्ताने भिंतीकडे तोंड केलं.

दादाला नोकरी कशी लागली ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या बोरगव्हाणला वीज केंद्र आलं तेव्हा मी आठवीत होतो. आमचं बरंचसं वावर केंद्रात गेलं. ज्याची जमीन गेली त्याच्या घरातल्या एकाला नोकरी, असं ठरलं होतं. दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, मॅट्रिक झालेला. नाव त्याचंच लागणार होतं. पहिल्या दिवशी तो कामावर निघाला तेव्हा बाने आम्हा दोघांना ओसरीवर उभं केलं. दादाला म्हणाला, "ऋषी, वावर दोघांचं होतं. हे ध्यानात ठेव, नोकरीबी दोघांची हाय." एवढंच. बा काही फार बोलणारा माणूस नव्हता.

मी मोठा झालो तोवर जमिनीच्या बदल्यात नोकऱ्या देणं संपलं होतं. मी त्याच केंद्रात ठेकेदाराकडे लागलो. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याखाली जो कोळसा सांडतो तो फावड्याने परत वर टाकायचा, हे माझं काम. ठेकेदार बदलत, आमच्या शर्टावरचं नाव बदले, फावडं तेच राही. दादा बॉयलरवर होता. धूळ दोघांच्या छातीत एकच जात होती. पण त्याला दवाखाना होता, क्वार्टर होतं, रजा होती. मला सुट्टी हवी असेल तर त्या दिवसाचा पगार सोडायचा. दादा मला सणाला कपडे घेई, माझ्या घराचं छप्पर त्यानेच घातलं. तरी कॉलनीच्या फाटकाशी आम्ही एकत्र निघालो, की तो डावीकडे क्वार्टरकडे वळताना जरासा खाली पाही.

त्याला मूल झालं नाही. माझी थोरली कांचन सात वर्षांची असताना सिंधूवहिनीने तिला मागून घेतलं. रीतसर दत्तक दिली. कांचन क्वार्टरमध्ये वाढली, कॉलनीच्या शाळेत शिकली, पुढे आयटीआयला इलेक्ट्रिशियन झाली. दादाला ती आधीपासून मोठेबाबा आणि वहिनीला मोठीआई म्हणायची, ते दत्तक गेल्यावरही तसंच राहिलं. मला बाबा म्हणायची. आम्हा दोघांपैकी कोणालाच त्यात काही अडलं नाही.

मग केंद्र बंद झालं. जुने संच, कोळसा जास्त खातात, धूर फार सोडतात. आता कोळशाचे दिवस सरले, केंद्राची राख साठवायच्या बंधाऱ्यावर सौरऊर्जेचा प्रकल्प येणार, असं सांगितलं. मी त्याच्या विरोधात कधीच नव्हतो. धूर थांबल्यावर आमच्याकडे दोरीवर वाळत घातलेली धोतरं पहिल्यांदा पांढरी राहिली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण शेवटच्या दिवशी आत मांडव होता, कायम कामगारांना शाल, नारळ आणि बदलीची जागा मिळाली, दादाला वरणखेडचं केंद्र. आम्हाला दुसऱ्या दिवशी फाटकावर कळलं, की आमचे पास आता चालत नाहीत.

दादा त्या दिवशी मोठ्या साहेबांकडे गेला होता. माझ्या जागी माझ्या भावाला पाठवा, मी घरी बसतो, म्हणाला. साहेब वाईट नव्हते. त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "पिंपळशेंडे, नोकरी म्हणजे काय सायकल आहे का, भावाला द्यायला?" दादाने मला हे हसत सांगितलं होतं. तेव्हा मीही हसलो होतो.

वरणखेडला पहिल्या दिवशी दादाने दोन घास डाळ-भात खाल्ला. चटणी बोटाने जिभेला लावून म्हणाला, "घरची हाय." नंतर खोकला आला. तो खोकला मी ओळखत होतो. आमच्या ठेक्यातली तीन माणसं त्याच खोकल्याने गेली होती. पण त्यांच्याकडे दवाखान्याचं कार्ड नव्हतं. दादाकडे होतं, म्हणून त्याला ते होणार नाही, असं मी उगाच धरून चाललो होतो.

"डॉक्टर काय म्हणते?" मी विचारलं.

"काय म्हणणार. औषध चालू हाय."

दुसऱ्या दिवशी त्याची सकाळची पाळी होती. मला वाटलं, रजा टाकेल. तो कपडे घालून तयार होता. तडवी गाडी घेऊन आला, दादाला धरून मागे बसवलं आणि घेऊन गेला. दुपारी मी डबा घेऊन फाटकाशी गेलो. इतकी वर्षं फाटकावर गेली असल्यामुळे पहारेकऱ्याशी कसं बोलायचं ते मला ठाऊक होतं. डबा घ्यायला तडवी बाहेर आला.

"आत काय काम करतात ते?" मी विचारलं. "त्यांना तर जिना चढवत नाही."

तडवीने डबा या हातातून त्या हातात घेतला. "बसून असतात. कंट्रोल रूमच्या मागे एक बाकडं आहे. त्यांचा राऊंड मी मारतो, नाहीतर आमच्या पाळीतला सोनार मारतो. शिफ्ट इंचार्जला माहीत आहे. तो बिचारा त्या बाजूला बघत नाही."

"पण कशाला? आजारपणात सुटता येते ना नोकरीतून?"

"येतं. डॉक्टर लिहून द्यायला तयार आहे. दोनदा म्हणाला. पिंपळशेंडेच नाही म्हणतात." त्याने फाटकाकडे एकदा पाहिलं. "तुम्ही घेऊन जा त्यांना, वामनभाऊ. तुम्ही आलात ते बरं झालं. एक दिवस ते त्या बाकड्यावरच जातील आणि मला ते पाहवणार नाही."

संध्याकाळी दादाला मी इमारतीसमोरच्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकून दिली. मी जमिनीवर बसलो. चिमणीतून धूर चालला होता. मग मी म्हणालो, "उद्या डॉक्टरकडून लिहून घेऊ आन् घरी जाऊ. तुई वहिनी असती तं तिनं तुले इथं एक दिवस राहू दिलं नसतं."

"तुई वहिनी," दादा हसला. "माई बायको होती ते. तुई वहिनी."

"तेच ते. तू काऊन येत नाही?"

"आठ महिने राहिले रिटायरले."

"आठ महिने तू काढत नाही दादा. तुले दिसून नाही राहिलं का?"

"दिसून राहिलं ना." त्याने चादर गुडघ्यांवर ओढली. आवाज अगदी साधा होता, बाजारातल्या भावाबद्दल बोलावं तसा. "डॉक्टर म्हणते, सहा महिने, लय झाले तं. म्हणजे रिटायर व्हायच्या आधीच होते सगळं. नोकरीत असताना माणूस गेला तं त्याच्या पोरीले नोकरी भेटते, वामन. आधीच सुटून नाही तं रिटायर होऊन गेला तं नुसती तिरडी भेटते."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा मी उठून उभा राहिलो. काय करायला उठलो होतो कोण जाणे. तसाच उभा राहिलो.

"कांचन हक्काची पोरगी हाय माई," तो पुढे बोलत होता. "आयटीआय केलेली. कायम नोकरी. क्वार्टर, दवाखाना. तू वीस वर्स फावडं मारलं, तुले काय भेटलं? बाने दोघांची नोकरी दिली होती. मी एकट्यानं खाल्ली. साहेबानं तुले देऊ देली नाही. आता ह्या एका रस्त्यानं ते तुया घरात येते. तं येऊ दे."

"मी मागतली होती का तुले?"

"नाही. म्हणूनच."

"दादा, मले नाही पाहिजे असली नोकरी."

"तुले कोण देऊन राहिलं," तो म्हणाला. "पोरीले देऊन राहिलो."

मी समजावलं, चिडलो, पाया पडलो. तो धुराकडे पाहत बसला. शेवटी मी कॉलनीच्या टोकाला गेलो आणि घरी कांचनला फोन लावला. कसं सांगावं ते सुचेना, म्हणून जे ऐकलं तेच सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, त्यांना सांगू नका मी निघाली म्हणून."

ती आली तेव्हा दादा पाळीवरून परत येऊन खाटेवर पडला होता. दारात तिला पाहिल्यावर आधी त्याचा चेहरा उजळला आणि मग त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की ती नजर मी अजून विसरलो नाही. कांचनने चपला काढल्या, त्याच्या पायाशी बसली आणि त्याचे पाय मांडीवर घेतले. पायांना सूज होती. तिने अंगठ्याने दाबून पाहिलं. खड्डा पडला तो लवकर भरला नाही.

"मोठेबाबा, घरी चला."

"तुया बापानं बोलावलं का तुले?"

"मी आयटीआय केलं ते तुमच्या मरणाची वाट पाहायला नाही केलं."

"वाट कोण पाहून राहिलं, बाई? ते तं येतच हाय. ते घरी येईन, नाही तं इथं येईन. मी त्याले इथं बोलावून राहिलो, एवढंच."

"आपल्याकडे सोलरचं काम सुरू होणार आहे. मी तिथं लागीन."

"तिथं तुले ठेकेदार घेईन," दादा म्हणाला. "तुया बापाले घेतलं तसं. यंदा घेईन, पुढल्या साली काढीन. कोळसा जाते, सूर्य येते. ठेकेदार कुठी जाते?"

कांचन पाय चेपत राहिली. बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. मग ती खालच्या मानेनेच बोलू लागली.

"मोठीआई गेली तेव्हा माझा पेपर होता. तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पोरीला कळू देऊ नका, वर्ष वाया जाईल. मी पेपर दिला. पास झाली. घरी आली तं मोठीआई नव्हती, तिची राख होती. तुम्ही माझ्या भल्यासाठीच केलं, मोठेबाबा, मी तेव्हा काही बोलली नाही. आता तुम्ही पुन्हा तेच करता. नोकरी लागंल आन् तुम्ही दिसणार नाही. मी किती वेळा पास होऊ अशी?"

दादाने डोळे मिटले. त्याच्या छातीचा भाता वरखाली होत होता. मला भीती वाटली, की हे ओझं त्याला झेपायचं नाही. पण थोड्या वेळाने त्याने हात लांब करून तिच्या डोक्यावर ठेवला, आणि मला म्हणाला, "तुई पोरगी लय हट्टी हाय."

"तुईच हाय ते," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरकडून लिहून घेतलं आणि सही केली. तडवी गाडीत बसवून द्यायला आला होता. दादाने त्याचा हात बराच वेळ सोडला नाही. तडवी म्हणाला, "बाकड्यावर आता मी बसतो," आणि दोघं हसले. गाडी हलल्यावर तडवी पाठ करून उभा राहिला.

घरी आणलं. माझ्या घराच्या ओसरीवर त्याची खाट टाकली, तिथून केंद्राची थंड पडलेली चिमणी दिसे. सुरुवातीचे दिवस तो कोणाशीच बोलला नाही. आमच्यावर रागावला होता का, तर नाही. कांचनने भरवलं तर खाई, माझ्या बायकोने पाणी दिलं तर पिई. पण एखाद्याची सगळी कमाई बाजारातून येताना हरवावी आणि त्याने घरी येऊन ती गोष्ट कोणालाच सांगू नये, तसा बसून राही. मी एकदा म्हणालो, "दादा, काही तरी बोल." तो म्हणाला, "काय बोलू. वर जाऊन बाले काय सांगू ते जुळवून राहिलो."

त्या रात्री मी जेवलो नाही.

हळूहळू निवळला. कांचन त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायची, तारांच्या जोडणीबद्दल मुद्दाम काहीबाही विचारायची. तो ओरडायचा, "हे काय शिकवलं तुले आयटीआयत?" आणि खोकत खोकत समजावून सांगायचा. लाखोळी फुलावर आली तेव्हा त्याला बैलगाडीत घालून उरलेल्या वावरात नेलं. बंधाऱ्याकडची निम्मी जमीन राखेच्या पाण्याने पांढरी पडली होती, उरलेल्या निम्म्यात निळी फुलं होती. दादा गाडीतच पडून पाहत होता. एक शेंग तोडून मागितली, चघळली, थुंकून टाकली. "कच्ची हाय," म्हणाला. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

होळीच्या चार दिवस आधी तो गेला. सकाळची वेळ होती. कांचनने त्याला टेकून बसवलं होतं, मी चहा बशीत ओतत होतो. त्याने कांचनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान तिच्या खांद्यावर टाकली. कोणी धावपळ केली नाही. त्याला आमच्या हातातून जायचं होतं की नाही ते माहीत नाही, पण तो आमच्या हातातून गेला.

तेराव्याला तडवी आला. जेवण झाल्यावर आम्ही दोघं बाहेर बसलो. तो म्हणाला, "वामनभाऊ, एक बोलू? परवा हजेरीवर त्यांच्या नावाची जागा पाहिली. असते तर अजून तीन महिने होते त्यांना."

"माहीत आहे," मी म्हणालो.

दादाचा अंदाज बरोबर होता. तो वरणखेडच्या बाकड्यावर बसून राहिला असता, तर नोकरीतच गेला असता, आणि नोकरी कांचनला मिळाली असती. ही गोष्ट मला कळली होती, तडवीला कळली होती. कांचनला त्या सकाळी, त्याची मान खांद्यावर असतानाच कळली असणार. आम्ही तिघांनी ती कधी एकमेकांजवळ काढली नाही.

याला आता नऊ वर्षं होऊन गेली. राखेच्या बंधाऱ्यावर निळ्या काचांच्या रांगा उभ्या राहिल्या. गावात चार पाहुणे आले, की त्यांना पाहायला नेतात. कांचन तिथेच आहे. तारा जोडते, बिघाड शोधते. तिच्या हाताखाली आता दोन माणसं आहेत. ठेकेदार तिसरा आहे. उन्हाळ्यात काम संपल्यावर दीड महिना घरी बसवतात आणि मग नव्याने घेतात, म्हणजे कोणी कायम होत नाही. तिचं लग्न झालं, एक मुलगा आहे. दादाचं नाव ठेवलं त्याला.

गेल्या उन्हाळ्यात अशीच ती घरी बसवलेली होती, तेव्हा माझ्याकडे आली होती. ओसरीवर तांदूळ निवडत होती. मनात किती वर्षांपासून होतं, ते मी विचारून टाकलं.

"कांचन, पस्तावा होते का गं तुले? मोठेबाबांना आणलं त्याचा?"

ती सुपातले खडे बाजूला काढत राहिली. मला वाटलं, विचारायला नको होतं.

"होते," ती म्हणाली. "पगार बुडते त्या महिन्यात होते."

मग सूप जरा पाखडून तिने तांदूळ पातेल्यात ओतले आणि धुवायला विहिरीकडे गेली.